सर्व्हो थरथरतो, गुणगुणतो, मधे येत नाही: नवा मागवण्याआधी हे तपासा

रेडिओ कंट्रोल विमानातला छोटा सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीच्या हलणाऱ्या पट्ट्या फिरवणारा मोटरचा डबा, त्रास द्यायला लागला की आपण लगेच नवा मागवतो. परभणी-हिंगोलीकडं तो दुकानात सहजासहजी मिळत नाही, कुरिअरची वाट बघावी लागते. नवा येतो, जुन्याच्या जागी बसतो आणि थोड्याच उड्डाणांत तोही तसाच थरथरायला लागतो. हा बिघाड मी वारंवार दुरुस्त करत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो: बहुतेक वेळा सर्व्हो स्वतःहून बिघडत नाही, त्याला बिघडवलं जातं. कधी आखडलेली हिंज (बिजागरी), कधी चुकीच्या भोकात घातलेला पुशरॉड (सर्व्हो आणि पट्टी जोडणारी तार), कधी बीईसीकडून, म्हणजे सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या सर्किटकडून, मिळणारा अपुरा करंट. ते कारण निघालं नाही तर त्या जागी कितीही चांगला सर्व्हो घाला, तो टिकणार नाही.

लक्षणं

"सर्व्हो गेला" एवढ्यानं काही कळत नाही. प्रोपेलर काढा, विमान टेबलावर घ्या, बॅटरी लावा, स्टिक मधे सोडून द्या आणि यातलं नेमकं काय होतंय ते बघा.

- स्टिकला हात नसतानाही एलेरॉन (पंखाची मागची पट्टी), एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) किंवा रडर (शेपटीची उभी पट्टी) बारीक थरथरतो.
- सर्व्हो जागेवरच गुणगुणत राहतो आणि मिनिटभरात हाताला गरम लागतो.
- स्टिक मधे सोडली तरी सरफेस (यातली कुठलीही हलणारी पट्टी) मधे येत नाही. डावीकडून सोडली तर एका जागी थांबतो, उजवीकडून सोडली तर दुसऱ्या.
- एका ठरावीक कोनावर अडखळतो, टक्क आवाज येतो आणि पुढं सरकतो.
- मोटरचा आवाज येतो, पण हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावरचा भोकांचा हात) फिरत नाही.
- सगळे सर्व्हो एकदम थरथरतात किंवा क्षणभर गप्प होतात, आणि त्याच वेळी रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो.
- सकाळी विमान सरळ उडतं, दुपारी त्याच ट्रिमवर (ट्रान्समीटरवरची मध्याची बारीक जुळवणी) एका बाजूला ओढतं.

त्रास एकाच सर्व्होला असेल तर दोष त्या सर्व्होत, त्याच्या जोडणीत किंवा त्याच्यावरच्या भारात असतो. सगळे एकदम नाचत असतील तर एकाही सर्व्होचा स्क्रू खोलू नका, खाली करंटचा भाग आहे तिथं थेट जा.

प्रोपेलर काढायचं वाचून पुढं सरकू नका, खरंच काढा. सर्व्हो तपासताना प्लग काढ-घाल होते, चॅनल (रिसीव्हरवरची एकेका सर्व्होची जागा) बदलतात, रिसीव्हर बंद-चालू होतो. अशात मोटर सुरू झाली तर नऊ इंची प्रोपेलर बोटं कापतो.

सर्व्होच्या आत काय चालतं, हे दोन ओळींत समजून घेतलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते कळेल. आत एक छोटी मोटर, गिअरची रांग, बाहेरच्या दांड्याला जोडलेलं पॉटेन्शिओमीटर (पॉट) आणि एक सर्किट असतं. रिसीव्हर साधारण दर २० मिलीसेकंदांनी एक पल्स, म्हणजे क्षणभराचा विजेचा इशारा, पाठवतो. १००० मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे एक टोक, २००० म्हणजे दुसरं, १५०० म्हणजे मध्य. दांडा आत्ता कुठं आहे ते पॉट सांगतं आणि दोन्ही जुळेपर्यंत सर्किट मोटर फिरवत राहतं. जुळलंच नाही, कारण बाहेरून काहीतरी अडवतंय, तर मोटर ढकलतच राहते. ती गुणगुण आणि तो गरमपणा त्याचाच. आणि पॉटचं माप किंवा येणारा व्होल्टेज डळमळला, तर सर्किट पुढं-मागं करत राहतं, तेच आपल्याला थरथर म्हणून दिसतं.

पुशरॉड सोडवा आणि बोटानं बघा

याला काही खर्च नाही, आणि अर्धेअधिक बिघाड इथंच सापडतात.

हॉर्नमधून पुशरॉड काढून घ्या. आता सर्व्हो शांत झाला का? झाला असेल तर सर्व्हो चांगला आहे, त्याच्यावरचा भार वाईट आहे. मग सरफेस एका बोटानं वर-खाली करा. तो सहज हलला पाहिजे. बोटाला जोर लावावा लागत असेल, तर तोच जोर तुमचा सर्व्हो पूर्ण उड्डाणभर लावतोय. फोम बोर्डाच्या विमानात हिंजच्या सांध्यात ग्लू गनचा गोंद उतरलेला असतो, टेप दुहेरी लागलेली असते किंवा कागद नीट दुमडून मोकळा केलेला नसतो. धारदार ब्लेडनं गोंद काढा, सरफेस दोन्ही बाजूंना पूर्ण दुमडून पुन्हा पुन्हा हलवा. कापसाच्या रानाशेजारी उतरलं असेल तर क्लेव्हिसभोवती (पुशरॉडच्या टोकाची पकड) कापसाचे तंतू गुंडाळलेले सापडतात. चिमट्यानं ओढून काढा.

आता उलट तपासणी. पुशरॉड परत जोडा, एका हातानं सर्व्होचा हॉर्न घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं सरफेस हलवायचा प्रयत्न करा. हॉर्न स्थिर असताना सरफेस हलतोय, याचा अर्थ मधे कुठंतरी ढिलाई आहे. पुशरॉडच्या तारेपेक्षा भोक मोठं झालंय का? तार मधे धनुष्यासारखी वाकतेय का? सरफेसवरचा कंट्रोल हॉर्न फोममधून सुटलाय का? एक मिलीमीटरची तार लांब अंतरात बिनआधाराची ठेवली की ढकलताना ती वाकणारच. ओढताना ती बरोबर काम करते, म्हणून एका बाजूला विमान ऐकतं आणि दुसऱ्या बाजूला ऐकत नाही. मधे आधाराची नळी चिकटवा, नाहीतर बांबूच्या काडीला दोन्ही टोकांना तार बांधून पुशरॉड करा.

ही ढिलाई साधी समजू नका. वेगात खाली येताना ढिला सरफेस फडफडायला लागतो आणि पंखातून भर्र असा आवाज येतो. तो आवाज आला की थ्रॉटल लगेच कमी करा आणि उतरवा. अशी फडफड झालेल्या सर्व्होचे गिअर बाहेरून धड दिसले तरी आतून झिजलेले असतात, तो बदलाच.

हॉर्नच्या मधोमधचा छोटा स्क्रू आहे ना, हेही बघा. घाईत तो राहून जातो, हॉर्न दांड्याचे दात सोडतो आणि सर्व्हो फिरत असूनही सरफेस फिरत नाही. सर्व्होबरोबर पिशवीत आलेलाच स्क्रू वापरा. हाताला लागला तो लांब स्क्रू घातला तर तो आत टेकतो आणि दांडा जाम होतो.

ऊन आणि गोंद

सकाळी बरोबर आणि दुपारी वाकडं, या लक्षणाचं उत्तर मराठवाड्यात बहुतेक वेळा ग्लू गनच्या गोंदात असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत किंवा उन्हात ठेवलेल्या काळ्या रंगाच्या विमानात तो त्याहून कितीतरी जास्त चढतो आणि गोंद मऊ पडतो. सर्व्हो सुटून खाली पडत नाही, त्यामुळं लक्षात येत नाही. तो आपल्या खाचेत अर्धा-एक मिलीमीटर डुलायला लागतो. स्टिक पूर्ण हलवा आणि सर्व्होच्या डब्याकडं बघा, हॉर्नकडं नको. डबा जागेवरून जरा जरी हलला तरी तो पुन्हा बसवायचा.

बसवताना सर्व्होला आधी साध्या टेपचा एक वेढा द्या आणि मग गोंद लावा, म्हणजे गोंद डब्याच्या सांध्यातून गिअरमध्ये शिरत नाही आणि पुढं सर्व्हो काढताही येतो. त्याहून चांगलं म्हणजे सर्व्होच्या दोन बाजूंच्या भोकाच्या कानांखाली प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवून त्यात दोन स्क्रू मारणं. उन्हाळ्यात उडवणाऱ्यांनी निदान एलेव्हेटरचा सर्व्हो तरी स्क्रूवर बसवावा. एलेरॉन एक गेला तर विमान कसंबसं उतरतं. एलेव्हेटर गेला तर उतरत नाही.

भोकं आणि मध्य

ट्रान्समीटरवर ट्रिम आणि सब-ट्रिम (मेनूतली तशीच जुळवणी) शून्यावर आणा. सर्व्होचा हॉर्न काढा, बॅटरी लावून सर्व्हो मधे येऊ द्या, आणि हॉर्न पुशरॉडशी काटकोनात बसेल असा दातांवर बसवा. उरलेला फरक क्लेव्हिस फिरवून काढा. दातांमुळं अगदी काटकोन आला नाही तर तेवढ्यापुरताच सब-ट्रिम वापरा. सब-ट्रिमनं मोठा वाकडेपणा झाकला तर एका बाजूला सर्व्होचा प्रवास आधी संपतो, तिथं तो टोकाला टेकतो आणि गुणगुणत गरम होतो.

आता भोकं. इथली चूक इतकी सार्वत्रिक आहे की हिशोबच मांडतो. सर्व्हो १.८ किलो-सेंटिमीटर टॉर्कचा (फिरवण्याच्या ताकदीचा) धरा. पुशरॉड सर्व्होच्या हॉर्नवर ८ मिलीमीटरच्या भोकात आणि सरफेसच्या हॉर्नवर १६ मिलीमीटरच्या भोकात असेल, तर सरफेसवर ३.६ किलो-सेंटिमीटर टॉर्क मिळतो. हेच उलटं केलं, सर्व्होकडं १६ आणि सरफेसकडं ८, तर मिळतो फक्त ०.९. सर्व्हो तोच आणि ताकद चौपट कमी. शिवाय गिअरमधली प्रत्येक ढिलाई सरफेसवर दुप्पट होऊन दिसते. म्हणून सर्व्होकडं आतलं भोक आणि सरफेसकडं बाहेरचं भोक, आणि लागेल तेवढा थ्रो (सरफेसची हालचाल) मिळेपर्यंतच त्यात बदल. कित्येक विमानांत सर्व्होचं लांबातलं लांब भोक वापरून थ्रो जास्त झाला म्हणून ट्रान्समीटरवर तो ५० टक्क्यांवर आणलेला असतो. त्यात ताकदही जाते आणि बारकावाही.

शेवटी स्टिक चारही टोकांना नेऊन कान लावा. टोकावर गुणगुण येत असेल तर एंड पॉइंट (ट्रान्समीटरवरची सर्व्होच्या प्रवासाची मर्यादा) थोडा कमी करा. क्षणभर आवाज येऊन थांबला तर हरकत नाही, टिकून राहिला तर नको.

प्लग अदलाबदल

त्रासदायक सर्व्होचा प्लग दुसऱ्या चॅनलमध्ये घाला आणि चांगल्याचा त्याच्या जागी. त्रास सर्व्होबरोबर गेला तर सर्व्हो किंवा त्याची वायर. त्रास चॅनलवरच राहिला तर रिसीव्हर किंवा ट्रान्समीटर. ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर चॅनलच्या पट्ट्या दिसतात. स्टिकला हात नसताना तिथंच पट्टी थरथरत असेल तर स्टिकखालचं पॉट खराब आहे, विमानाचा काही दोष नाही. प्लग घालताना बहुतेक रिसीव्हरांत तपकिरी किंवा काळी वायर बाहेरच्या कडेला येते, लाल नेहमी मधे, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी सिग्नलची.

वायर

बॅटरी लावलेली असताना सर्व्होची वायर प्लगजवळ, एक्स्टेन्शनच्या सांध्याजवळ आणि सर्व्होच्या डब्यातून बाहेर येते तिथं हळूच हलवा. कुठं हलवल्यावर थरथर सुरू होते ते सापडलं की काम झालं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात पीठ होऊन उडते, दोन्ही वेळा ती पिनांवर बसते. पिना हिरवट दिसल्या तर प्लग बदला, घासत बसू नका, वरचा मुलामा एकदा गेला की गंज परत येतो. पंखातले सांधे टेपनं किंवा दोऱ्यानं बांधून टाका, धक्क्यानं प्लग अर्धा सुटतो. सर्व्हो दोन आणि चॅनल एक म्हणून वाय वायर वापरली असेल तर ती आधी काढून प्रत्येक सर्व्हो वेगळा तपासा.

करंट: सगळे एकदम नाचतात तेव्हा

हा भाग लोक शेवटी बघतात, आणि बरीच विमानं यामुळंच पडतात.

छोट्या विमानात रिसीव्हर आणि सर्व्होंना करंट देतो तो ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या, आतला बीईसी. नऊ ग्रॅमचा सर्व्हो नुसता बसलेला असताना जवळजवळ काहीच घेत नाही, हलताना दोन-अडीचशे मिलीअँपिअरपर्यंत जातो आणि अडवून धरला तर ६०० मिलीअँपिअरच्या पुढं. चार सर्व्हो आणि त्यातले दोन आखडलेले, म्हणजे दोन अँपिअरचा बीईसी तिथंच दमला.

स्वस्त ईएससीत लिनिअर बीईसी असतो. तो जास्तीचा व्होल्टेज उष्णता करून फेकतो. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. त्यातून ५ व्होल्ट काढताना सर्व्होंनी १ अँपिअर घेतला, तर बीईसीत ७.६ वॉट उष्णता होते. चार सेलवर तोच आकडा ११.८ वॉट. एवढीशी चिप, वरून श्रिंक ट्यूब, बाहेर फोमचा बंद डबा आणि त्याच्याही बाहेर मे महिना. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते, रिसीव्हर बंद पडतो आणि विमान तुमच्या हातातून जातं. जमिनीवर उतरेपर्यंत ती थंड होते आणि सगळं पुन्हा बरोबर चालतं, त्यामुळं कारण कधीच सापडत नाही. "खाली आणल्यावर एकदम ओके होतं" असं कुणी सांगितलं की मी पहिला हात ईएससीला लावतो.

तपासायचं असं. एक सर्व्हो एक्स्टेन्शन रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत घाला आणि मल्टिमीटरच्या तारा तिच्या दुसऱ्या टोकाला लावा, थेट रिसीव्हरच्या पिनांवर लावल्या तर घसरून शॉर्ट होतात. सर्व्हो शांत असताना ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग दोन्ही स्टिक जोरात गोल फिरवा आणि दुसऱ्या कुणाला तरी एलेरॉन हलकेच अडवून धरायला सांगा. आकडा ४.५ च्या खाली जात असेल तर त्या पुरवठ्यावर उडवू नका. साधा मल्टिमीटर संथ असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही, म्हणून रिसीव्हरच्या दिव्याकडंही लक्ष ठेवा. फ्लायस्काय आय६ ट्रान्समीटरबरोबर आयए६बी रिसीव्हर असेल तर रिसीव्हरचा व्होल्टेज ट्रान्समीटरच्या स्क्रीनवरच दिसतो, तो आकडा उड्डाणातही बघता येतो.

खात्री करायची असेल तर ईएससीचा प्लग रिसीव्हरमधून पूर्ण काढा आणि चार रिचार्जेबल एए सेलचा पॅक लावून रिसीव्हर चालवा. ४.८ व्होल्ट पुरतात, आणि मोटर सुरू व्हायचा प्रश्नच राहत नाही. थरथर गेली? मग बीईसी दोषी. उपाय म्हणजे तीन अँपिअरचा स्विचिंग प्रकारचा वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा सुटा बीईसी). तो लावताना ईएससीच्या प्लगमधली मधली लाल पिन सुईनं उचलून बाहेर काढा आणि टेपनं गुंडाळा, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी झगडतात. १००० मायक्रोफॅराड, १० व्होल्टचा कॅपॅसिटर रिसीव्हरला लावायची पद्धत आहे. बारीक घसरणी तो भरून काढतो, पण तापणाऱ्या बीईसीवर तो इलाज नव्हे. उलटा लावला तर फुटतो.

दोन सेलची लिपो थेट रिसीव्हरला लावू नका. भरलेली असताना ती ८.४ व्होल्ट देते. ४.८ ते ६ व्होल्टच्या सर्व्होचं सर्किट त्यानं जळतं. हाय व्होल्टेज सर्व्होवर तसं स्पष्ट छापलेलं असतं, छापलेलं नसेल तर तो हाय व्होल्टेज नाही असंच धरा.

सर्व्हो एकटा टेस्टरवर

एवढं सगळं करून त्रास राहिला, तर आता सर्व्होवर संशय घ्या. सर्व्हो टेस्टर स्वस्त मिळतो आणि त्यात हाताने, मध्यावर आणि आपोआप असे तीन प्रकार असतात. हॉर्नला एक लांब काडी चिकटवा आणि खाली कागद ठेवा. नॉब हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं न्या. नेहमी त्याच जागी टक्क होऊन काडी उडी मारत असेल तर दात गेलाय. एका ठरावीक कोनावर थरथरत असेल तर पॉट झिजलंय, आणि ते बहुधा मध्यावरच असतं, कारण उड्डाणात सर्व्हो सगळ्यात जास्त तिथंच फिरतो. मग काडी डावीकडून मध्यावर आणा, कागदावर खूण करा. उजवीकडून आणा, पुन्हा खूण करा. दोन खुणा ठळकपणे वेगळ्या पडल्या तर तो सर्व्हो एलेव्हेटरला चालणार नाही, नव्या खोक्यातला असला तरीही. नवा सर्व्हो विमानात घालण्याआधी ही खुणांची तपासणी मी प्रत्येक वेळी करतो. स्वस्त सर्व्होंत एकाच पाकिटातले दोन सारखे निघत नाहीत.

हॉर्न धरून सर्व्हो हातानं जोरात फिरवून बघू नका. धड दात त्यानेच मोडतात.

उघडायचा का?

नायलॉनचा दात मोडला असेल आणि तुमच्याकडं त्याच सर्व्होचा गिअर सेट असेल तर उघडा. खालचे चार लांब स्क्रू, वरचं झाकण, आणि झाकण उचलण्याआधी फोटो. झाकण उचललं की मधले गिअर सटकतात आणि क्रम विसरतो. ग्रीस पांढरं आणि राईएवढं. शिवणयंत्राचं तेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही आत घालू नका, प्लास्टिक आणि पॉट दोन्ही खराब होतात. पॉट झिजलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या थेंबानं ते काही दिवस शांत होतं आणि मग उड्डाणात परत येतं. शे-दीडशे रुपयांच्या सर्व्होसाठी विमान पणाला लावू नये. तो फेकून द्या, आणि फेकण्याआधी वायर कापा, म्हणजे चुकून कुणी परत बसवणार नाही.

बदलायचाच असेल तर

एसजी९० नऊ ग्रॅमचा, नायलॉन गिअरचा. एमजी९०एस १३.४ ग्रॅमचा, धातूच्या गिअरचा. दोन्हींचा टॉर्क ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंटिमीटर लिहिलेला असतो. म्हणजे धातूचा गिअर घेतल्यानं ताकद वाढत नाही, दात टिकतात. सहा-आठशे ग्रॅमच्या फोमच्या शिकाऊ विमानाला सगळीकडं एसजी९० पुरतात, एलेव्हेटरला मात्र मी एमजी९०एस घालतो. किलोच्या पुढचं विमान किंवा दोनच सरफेसवर उडणारं फ्लाइंग विंग (बिनशेपटीचं विमान) असेल तर धातूच्याखाली उतरू नका. दीड-दोन किलोचं बाल्साचं इंजिनवालं विमान हे या सर्व्होंचं कामच नाही, तिथं फुटाबा एस३००३ सारखा ३७ ग्रॅमचा, ३.२ किलो-सेंटिमीटरचा मोठा सर्व्हो लागतो.

आपल्याकडं एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: उतरतो कुठं. ज्वारी काढल्यावर रानात धसकटं राहतात, तूर काढल्यावर खुंट. चाकं नसलेलं विमान पोटावर उतरलं की पंखाखाली लोंबणारा पुशरॉड धसकटात अडकतो आणि दात तिथंच मोडतो. कंट्रोल हॉर्न आणि पुशरॉड पंखाच्या वरच्या बाजूला बसवा. दिसायला ते तितकं छान दिसत नाही, पण सर्व्हो वाचतात. सोयाबीनच्या राशी चालू असतात त्या दिवसांत हवेत भुसकट असतं, सर्व्होच्या खाचेवर टेपचा तुकडा लावून ठेवा.

आणि मोटारसायकलवर विमान नेताना सरफेस मोकळे सोडू नका. वाऱ्यानं ते फडफडत राहतात आणि रस्त्यातच गिअर झिजतात. फोमचा एक चिमटा करून एलेरॉन आणि पंख एकत्र धरा, रडरलाही तसाच. त्याला लाल रिबन बांधा, म्हणजे उडवण्याआधी काढायचा राहणार नाही.

इथं थांबा

लिपो फुगलेली दिसली, ईएससीला जळल्याचा वास आला किंवा बीईसीला बोट टेकवत नाही इतकी उष्णता आली, तर पुढं काही तपासू नका. बॅटरी काढा, मोकळ्या जागेत ठेवा. फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करायची नाही. ईएससीच्या सर्किटवर घरी सोल्डरिंग करू नका.

वेगळ्या पॅकवर चालवूनही रिसीव्हर मधेच बंद पडत असेल तर तो तुमच्या हातचा बिघाड राहिलेला नाही. गावातला चांगला मोबाइल दुरुस्तीवाला तुटलेली वायर किंवा पिन नीट जोडून देतो, तेवढं त्याच्याकडून करून घ्या. सर्व्होचं सर्किट त्याला "सेट" करायला लावू नका.

बिघाड कधी-कधीच होतो आणि टेबलावर काही केल्या दिसत नाही, अशा विमानाला आकाशात नेऊन शोधायचं नाही. ते जमिनीवर ठेवून अनुभवी माणसाला दाखवा. दोन किलोच्या वरचं विमान, पेट्रोल इंजिन, किंवा शाळा-कॉलेजच्या मैदानावर माणसांसमोर उडणारं विमान असेल तर एकाही सर्व्होबद्दल शंका असताना उडवू नका, मग त्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल. जवळ कुणी नसेल तर नांदेडकडून हैदराबाद जवळ पडतं, जालना-संभाजीनगरकडून पुणे. तिथं मॉडेल विमानांची दुकानं आणि जुने उडवणारे आहेत.

नेताना सर्व्हो काढून एकटा नेऊ नका. विमान आहे तसं जोडलेलं, तीच बॅटरी आणि तोच ट्रान्समीटर न्या, आणि त्रास कोणत्या वेळी, किती वेळ उडवल्यावर, कोणत्या चॅनलवर झाला ते कागदावर लिहून न्या.